त्याच्यातून जाणारी रेष

...फळ्यावरच्या रेषेत टोकावर उभा असलेला तो चिमुकला चौकोन, शाईनं गच्च भरलेला. तो भरताना मार्करची झालेली किरकिर तिच्या दातांत अजून शिल्लक होती. तो ‘मालक’ या चौकटीला चिकटलेला, आणि रेषेच्या दुसऱ्या टोकाला ‘प्राणी’. संगणकप्रणाली आखणाऱ्यांच्या लेखी भरीव चौकोनाचा अर्थ एकच – ज्याच्या अंगाला तो चिकटलेला, ते गेलं की दुसरंही गेलं. बिल पुसलं की बिलातल्या ओळी पुसल्या जातात, तसं.

आणि परवा, ज्याच्यासाठी ही प्रणाली होती त्या प्राण्यांच्या दवाखान्यात, एका वारलेल्या मालकाचं नाव यादीतून काढलं गेलं आणि त्याचं मांजरच नाहीसं झालं.

“अहो मॅडम, मांजर माझ्यासमोर पिंजऱ्यात बसून फिस्कारतंय, आणि तुमचा संगणक म्हणतो, असं मांजरच नाही!” नर्स फोनवर ओरडली होती. सकाळचं औषध चुकलं. मांजर वाचलं, एवढंच.

“मांजर ते, कसंही टाका, चार पायांवर पडतं,” आजोबा म्हणाले. वय चाळीस, पण केस पांढरे, म्हणून टीममध्ये ते आजोबा. “पुसा तो चौकोन. मालकाची जागा रिकामीसुद्धा राहू शकते असं धरा.”

“रिकामी म्हणजे?”

“म्हणजे अजून कुणाची ते ठरलेलं नाही. यात एवढं बघत राहण्यासारखं काय आहे?”

काही नव्हतं. तिनं पुसायला हात उचलला आणि फळ्यावर नसलेल्या तीन चौकटी तिला दिसू लागल्या – ती, तो, सासूबाई. तिच्यापासून त्याच्यापर्यंत एक रेष, त्याच्यापासून त्याच्या आईपर्यंत एक. तिच्यात आणि सासूबाईंत मात्र... ‘तुझ्या नवऱ्याला सांग, माझं डोकं दुखतंय,’ असं सासूबाई शेजारी उभ्या राहून तिलाच सांगायच्या. ‘तुमच्या मुलाला विचारा, चहा घ्यायचा का,’ असं ती त्यांना. तो दोघींच्या मधे बसून हसायचा. मागच्या उन्हाळ्यात तो गेला, तरी सवय गेली नाही. त्याला आवडायची तशी भाजी चिर, तो असता तर पंखा लावला असता – घरात अजून प्रत्येक वाक्य त्याच्यातून वळसा घेऊन जात होतं. या कामात एक नियम तिला फार पूर्वी शिकवला होता – एखाद्या वस्तूकडे कुणीतरी बोट दाखवत आहे, तोवर ती संगणकाच्या स्मृतीतून काढली जात नाही. दोघी दोन बाजूंनी बोट रोखून बसल्या होत्या. म्हणून तो जात नव्हता. म्हणूनच तर...

आज संध्याकाळी धाकटा दीर येणार होता. आईला कायमचं घेऊन जाऊ का, हे विचारायला.

संध्याकाळी दीर आला, पाणी प्यायला, आणि गुडघ्यांकडे बघत म्हणाला, “वहिनी, तुम्ही किती दिवस करणार? दादाच नाही म्हटल्यावर तुमच्यावर कसली सक्ती?”

“मी काय बॅग आहे?” आतून सासूबाई कडाडल्या. “कुणी उचलायची ते ठरवताय!” बाहेर येऊन त्या खुर्चीत बसल्या, आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघून म्हणाल्या, “तू बोल. पण त्याचं नाव मधे न आणता बोल.”

राहा, म्हणायचं होतं. तेवढंच. पण ते तसं म्हटलं, तर रेष थेट जाणार होती – या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत. मग मधे त्याचं काय काम? मग त्याला धरून कोण ठेवणार?

जिन्याकडून लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. तो कामावरून येण्याची हीच वेळ असायची. या आवाजासरशी रोज दोघींच्या माना एकदमच दाराकडे वळत आणि मग दोघीही काहीच घडलं नाही असं दाखवत. सासूबाईंची मान आजही वळली.

तिची वळली नाही. हे तिला क्षणभरानं कळलं. सासूबाई दाराकडून सावकाश तिच्याकडे वळल्या आणि बघत राहिल्या. त्यांनी ते पाहिलं होतं. दीर म्हणत होता, “वहिनी, बोला ना...” आणि तिच्या तोंडात ‘राहा’ हा शब्द अगदी तयार होता, हलका, जवळजवळ परका.