एकशे तेरा नंबर

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या कापडदुकानांमागच्या गल्लीत एकनाथरावांचं घर. निकाल लागला त्या दिवशी तिथला टीव्ही जो बंद झाला, तो आठवडाभर बंदच. बायको रजनी हळू आवाजात बोलायची. शेजाऱ्यांना वाटलं, कुणी गेलं की काय! अहो, गेलं कुणी नव्हतं. मुलीला, शर्वरीला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत पाचशे बारा मार्क पडले होते. आदिलाबादच्या सरकारी कॉलेजात सीट नक्की. हैदराबादच्या मोठ्या कॉलेजाला मात्र वीस मार्क कमी.

आता मंडळी, तुम्हीच सांगा, ही काय सुतक पाळायची गोष्ट झाली? पण एकनाथरावांच्या आबिड्सच्या ऑफिसात ज्याला त्याला एकच सल्ला सुचत होता. "एवढी हुशार पोरगी अन् आदिलाबाद? लाँग टर्म में डालो, साब!" लाँग टर्म म्हणजे वर्षभर घरीदारी काही नाही, नुसता क्लास, आणि पुन्हा तीच परीक्षा. एकनाथरावांना ते पटलं. निकालाच्या सकाळी आणलेले पेढे त्यांनी वाटलेच नाहीत. "खरा निकाल पुढच्या वर्षी," म्हणाले. देवापुढचा डबा तसाच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या.

थोरली बहीण पद्मावतीबाई अफझलगंजला राहायच्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, गप्प कशा बसतील?

"एकनाथ, नापास झालेल्यानं परीक्षा पुन्हा द्यावी, त्यात लाज कसली? पण ही तर पास झालीय रे! उभ्या माणसाला पाडायचं आणि पुन्हा ऊठ म्हणायचं, हा कुठला न्याय?"

"अक्का, वर्षभराचाच प्रश्न आहे."

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. आणि पोरीला विचारलंस का?"

"तिला काय कळतंय!" एकनाथराव म्हणाले. दाराआड उभ्या शर्वरीनं ते ऐकलं आणि ती आत निघून गेली.

क्लासमध्ये तिला आठ दिवस बसवून बघायचं ठरलं. आठवा दिवस शनिवार. त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजांची नावं ऑनलाइन भरायची शेवटची मुदत. ती चुकली की आदिलाबाद गेलं. एकनाथराव दुपारी तीन वाजताच ऑफिसातून निघाले, क्लासच्या फॉर्मवर सही करून टाकायला.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. क्लासच्या इमारतीत पाऊल टाकलं आणि अंधारून आलं. खिडक्यांना आतून काळा कागद चिकटवलेला. भिंतीवर घड्याळाचा गोल डाग होता, घड्याळ नव्हतं. जिन्याच्या कडेनं दोनेकशे चपलांचे जोड ओळीनं लावलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला. एवढी मुलं वर, पण आवाज म्हणून नाही! मधूनच दोनशे पानं एकदम उलटायची. सळ्ळकन. पुन्हा सामसूम. एकनाथरावही नकळत पाय न वाजवता जिना चढू लागले.

जिन्याच्या वळणावर एक मुलगी वही मांडीवर घेऊन बसली होती.

"काका, मराठी ना? शर्वरीचे बाबा? डोळे तिच्यासारखेच आहेत."

"हो. तू कोण?"

"मी प्राजक्ता. तिला पाचशे बारा ना? मलापण पहिल्या वर्षी पाचशे बाराच होते. निजामाबादची सीट सोडली मी." ती छान हसली. "दुसऱ्या वर्षी पाचशे चार. मग चारशे नव्वद. पुढच्या वर्षी नक्की होतंय."

"मग वर्गात का नाहीस, बाळ?"

"माझ्या जागेवर शर्वरी बसते ना," ती म्हणाली आणि पुन्हा तेच, तेवढंच हसली. मांडीवरच्या वहीचं पान कोरं होतं.

वर दाराशी टेबलामागे क्लार्क बसला होता. "शर्वरीला बोलवा," एकनाथराव म्हणाले.

"नाम नक्को साब, नंबर बोलो. एकशे तेरा ना?"

"आणि ती जिन्यातली मुलगी?"

क्लार्कनं नजर खाली घातली. "पहले एकशे तेरा वोच थी. घरवाले दिवाली में ले गए साब. फिर भी रोज नऊ बजे आके बैठती. घर में उसकू नींद नहीं आती बोलते."

एकनाथरावांनी दार ढकललं. तिसऱ्या ओळीत लेकीची वेणी दिसली.

"शर्वरी!"

एकही मान वळली नाही.

"शर्वरी! अगं, मी आलोय!"

वेणी हलली नाही. सळ्ळकन पानं उलटली, तिचंही उलटलं. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. ही त्यांची लेक, जी लहानपणी तीन घरं पलीकडून त्यांच्या हाकेला धावत यायची!

मागून क्लार्क सहज म्हणाला, "एकशे तेरा."

शर्वरी ताडकन उभी राहिली. चालत दाराशी आली आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं क्षणभर बापाकडे बघत राहिली. आठच दिवस झाले होते हो! फक्त आठ!

"बाबा? तुम्ही?" तिनं डोळे चोळले. "आज वार कोणता?"

फॉर्म टेबलावरच राहिला. एकनाथरावांनी तिचा हात धरला आणि जिना उतरले. रिक्षात बसल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "शरू, तुला काय हवंय गं?"

"मला डॉक्टर व्हायचंय, बाबा." तिला रडू फुटलं. "आदिलाबादला तापाची माणसं नसतात का? मला पाचशे बारा पडले तेव्हा मला आनंद झाला होता. घरात तो कुणालाच झाला नाही."

एकनाथरावांना ते शब्द फार लागले. "चुकलो गं पोरी," म्हणाले, आणि रिक्षा अफझलगंजकडे वळवली. पावणेपाचला पद्मावतीबाईंच्या मोबाइलवर शर्वरीनं स्वतःच्या हातानं पहिलं नाव भरलं: आदिलाबाद.

वाचकहो, पडलेल्या मुलांना धीर द्यायला आपण हळूहळू शिकलो. पण जिंकून आलेल्या मुलांना आपण हरलेलं ठरवतो, त्याचं काय? परीक्षा पुन्हा द्यायची तर मुलांनी आपल्या ओढीनं द्यावी. शेजारी आणि ऑफिस काय म्हणेल म्हणून द्यायला लावू नये. आणि आधी, मिळालं त्याचे पेढे वाटावेत.

सोमवारी एकनाथरावांनी ताजे पेढे घेतले. ऑफिसात वाटले आणि शर्वरीला, अक्काला घेऊन त्या जिन्याशी गेले. प्राजक्ता तिथंच होती. शर्वरीनं हाक मारली, "प्राजक्ता!" तिनं वर पाहिलं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. क्लार्क वरून नंबर पुकारायला तोंड उघडतोय, तोच पद्मावतीबाईंनी त्याला हातानं गप्प केलं.

"नाव घेऊनच बोलवायचं. लागू दे किती वेळ लागतो तो."

शर्वरी पायरीवर तिच्याशेजारी बसली, तिच्या हातात पेढा ठेवला आणि पुन्हा हाक मारली. सातव्या हाकेला प्राजक्तानं मान वर केली.

"पाचशे बाराचा पेढा आहे," शर्वरी म्हणाली. "तुझापण राहिलाय ना?"