घरचं फंक्शन

"अहो, मी दीड टाकलं. पंधरा कुठून आले?" पंप तपासायला आलेल्या नर्सताई त्याच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

रुग्णाला थेंब थेंब औषध देणारा पंप तो! नशीब, नळीखाली माणूस नव्हता, पाण्याचं भांडं होतं. पण उद्या हीच यंत्रं वॉर्डात जायची होती.

चूक शोधायला फार वेळ लागला नाही. आमच्या ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रॅमर काकांचीच. पडद्यावर टाकलेली संख्या वाचायला सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात, strtod नावाचं तयार फंक्शन आहे, जगानं वापरून वापरून पारखलेलं. पण आमच्या काकांना बाहेरचं चालतं कुठे? सगळं घरी शिजवायचं! ऑफिसात त्यांना 'स्वयंपाकी' म्हणतात ते उगाच नाही. त्यांचं फंक्शन आकडे तेवढे ठेवायचं, बाकी सगळं गाळायचं. जुन्या पंपाला दशांशाचं बटणच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. नव्याला ते आलं. टिंब गळालं आणि दीडाचे पंधरा झाले.

आता हे सांगणार कोण? एवढा जीव लावणारा माणूस. माझ्या अगदी जिवावर आलं. पण गेले.

"काका, रागावणार नसाल तर..."

"बोल की. तोंड का एवढंसं झालंय?"

मी दाखवलं. मला वाटलं, आता भांडतील. माघार घेणारा माणूसच नव्हे. पण त्यांचे कान लाल झाले.

"कुणाचा तरी जीव गेला असता गं."

"मी बदलते, काका."

"नको. मी मांडलंय, मीच आवरतो. तयार आणून वापरलं तर आपण काय केलं, असं वाटायचं मला. मूर्खपणा सगळा!"

त्यांनी आपल्या सगळ्या ओळी पुसल्या आणि तिथे strtod बसवलं. ताईंनी पुन्हा दीड टाकलं. दीडच आलं.

"परत दाबा ना, ताई," काका म्हणाले.

"बरोबर आहे हो आता."

"तरी दाबा."

संध्याकाळी सगळे निघायच्या गडबडीत होते, तेव्हा काका आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आले. खिशातून चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

"त्या लायब्ररीत आणखी काय काय आहे, दाखव बरं. पण सावकाश हं. माझं बरंच पुसायचंय."

मी पर्स खाली ठेवली आणि सरकून त्यांना जागा करून दिली.