बावीस तारखेची वाट

शिवाजी केमिकल कंपनीत रिॲक्टरवरचा माणूस. तारापूर एमआयडीसीत सत्तावीस वर्षं बॅचा काढल्या, आणि नवीन पोरांना एकच गोष्ट शिकवली: घाई केली की बॅच हातची गेली.

पंधरा ऑगस्टपासून बोलणं सुरू झालं की कर कमी होणार. मग तारीखच आली. बावीस सप्टेंबरपासून आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के कर माफ. चहाच्या टपरीवर एकमत झालं, आत्ता हप्ता भरेल तो येडा.

शिवाजीच्या पॉलिसीची तारीख वीस ऑगस्टची. त्याने हप्ता थांबवला. लाईट बिलाला उशीर झाला तर दंड लागतो, घरपट्टीला लागतो, इथंही लागेल थोडाफार. पाच हजार तर वाचतील.

हे सगळं बायकोच्या, मैनाबाईच्या गुडघ्यांसाठी होतं. ती सरावलीतल्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहून राहून थकली होती. वैशाखात एका लग्नाला तिला खुर्चीत बसवून दोघांनी खाली उतरवलं, त्यानंतर ती उतरलीच नाही. पगार वाढला तसं ईएसआयच्या कामगार विम्यातून नाव गेलेलं, म्हणून ही पॉलिसी. गुडघ्यांचं दुखणं जुनं, त्यामुळे तीन वर्षं ऑपरेशनला पैसे मिळणार नव्हते. सरकारी योजनेत विचारलं, तर नंबर कधी लागेल ते कोणी सांगेना. मग काढली तीन वर्षं. या ऑगस्टला ती भरली, आणि डॉक्टरने दिवाळीनंतरची तारीख दिली.

मधे तिने विचारलं, हप्ता भरला का. कटकट नको म्हणून तो म्हणाला, भरला.

एजंट प्रफुल्ल तारापूरकडच्या गावातला. त्याचे फोन येत होते. पण कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो. शिफ्ट सुटल्यावर शिवाजी मिस कॉल बघायचा आणि हसायचा. कमिशनची किती घाई याला!

बावीसला घटस्थापना. शिवाजी सकाळीच बोईसरला प्रफुल्लच्या ऑफिसात.

"काका, पाच वेळा फोन केला तुमाला," प्रफुल्ल म्हणाला. "तारखेनंतर तीसच दिवस मिळतात. एकोणीसला संपले."

"मग लाव की दंड."

"याला दंड नाय. पॉलिसी मेली."

शिवाजी हसला. प्रफुल्ल हसला नाही. त्याने नवीन पॉलिसीचा आकडा काढून दाखवला. कर शून्य, खरंच शून्य. पण विमा कंपनीने मूळ दर वाढवलेला, त्यात शिवाजीचं वय वाढलेलं. जुन्या हप्त्यात कर धरूनसुद्धा हा चार हजारांनी जास्त. आणि गुडघे परत पहिल्यापासून. आजपासून तीन वर्षं.

गुडघ्यांचं लिहूच नको, असं शिवाजीने हळूच सुचवून बघितलं.

"जुन्या फायलीत एक्स-रे हाय, काका. ऐन वेळी क्लेम उडवतील."

घरी आला तेव्हा मैनाबाई पलंगावर बसून परडीत माती भरत होती. यंदा घट पलंगाशेजारच्या स्टुलावर, खाली बसवत नाही म्हणून. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भरला म्हणालो ते खोटं होतं, हेही.

ती माती सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तीन दिवसांनी हुकलं?"

"हं."

"हात धुवा. चहा घ्या."

संध्याकाळी वर्षाराणीचा फोन यायचा. लेक चिंचवडला, ऑपरेशनसाठी तिने महिन्याची रजा टाकलेली. फोन वाजला तसा शिवाजी उठला, पण मैनाबाईने फोन आधी उचलला आणि त्याला खुणेने बसवलं.

"वर्षा, ती रजा रद्द कर गं. मी नाय करत ऑपरेशन. भ्या वाटतं मला."

पोरीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. किती वेळा समजवायचं तुला? मी रजेसाठी कुणाकुणाचे पाय धरले माहितीय? आणि बाबांनी तीन वर्षं हप्ते भरले, त्यांचा तरी विचार कर.

"चुकलं माझं," मैनाबाई म्हणाली.

शिवाजीने फोनसाठी हात पुढे केला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि ऐकत राहिली.