अमेरिकेतल्या मशीनची खंडेनवमी

दिनेश सरांच्या ऑफिसातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे होती. भिंतीवरचं होतंच, शिवाय प्रत्येक संगणकाचं. माणसं वेळेवर यावीत म्हणून हा उपाय. संध्याकाळी सुट्टी द्यायची वेळ आली, की सर मात्र स्वतःच्या मनगटावर बघायचे, आणि ते घड्याळ अगदी बरोबर असायचं. गंगापूर रोडवरच्या त्या दोन खोल्यांत मोहिनीला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून या माणसाचा वीट आला होता.

२००८ सालची गोष्ट. लोडशेडिंगमुळे ऑफिसातला सर्व्हर रोज आडवा व्हायचा, तेव्हा सरांनी कुठल्याशा सेमिनारमधून क्लाउड हा शब्द उचलून आणला. अमेरिकेतलं मशीन भाड्याने घ्यायचं आणि इथून चालवायचं. त्यासाठी एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, फुकट मिळत होती. "चार ओळी तर लिहायच्यात," म्हणत सरांनी शिकायचं काम मोहिनीच्या गळ्यात घातलं.

चार ओळी तिने लिहिल्या. पलीकडून नकार आला. किल्ली, म्हणजे आपल्या खात्याचा सांकेतिक शब्द, तपासली, ओळ न् ओळ तपासली, पुन्हा नकार. डोकं फुटायची वेळ आली तेव्हा कुठे कळलं, की प्रत्येक मागणीबरोबर वेळ जाते, आणि ती तिकडच्या घड्याळाशी जुळली नाही तर आपल्याला दारातही उभं करत नाहीत. तिने आपल्या संगणकाचं घड्याळ बरोबर लावलं, आणि मशीन निमूटपणे सुरू झालं. हे सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुझ्या एकटीचं बरोबर ठेव. बाकीच्यांना सांगत बसू नकोस." तिला शिसारी आली. लबाडी इतकी अंगवळणी पडते माणसाच्या!

पण काम तिला आवडलं होतं, हीच पंचाईत होती. मखमलाबादकडचे माळी दसऱ्यासाठी झेंडू करतात. तिची मावशी आक्काबाई त्यातलीच. दरवर्षी पहाटे फुलं बाजारात न्यायची आणि दलाल म्हणेल त्या भावाला टाकून यायची. आता सरांच्या ऑफिसामार्फत फुलं बांधावरून थेट मुंबईला जाणार होती. शेतकऱ्याने फोन करायचा, मोहिनीने त्याचं नाव, नंबर, शेताची खूण आणि क्रेट किती ते अमेरिकेतल्या मशीनवर भरायचं, आणि खंडेनवमीच्या दुपारी मुंबईच्या गाड्यांना त्या मशीनवरून मेसेज जायचे, कुणाच्या बांधावर थांबायचं ते.

"बाजारात न्यायचाच नाय माल?" मावशीने विचारलं होतं. "आन गाडी नाय आली तर?"

"येईल गं. माझ्यावर सोड."

मावशीने तिच्यावर सोडलं, आणि मावशीकडे बघून अख्ख्या शिवाराने सोडलं.

एकच गोष्ट मोहिनीला सारखी टोचत होती. ते भाड्याचं मशीन एकदा परत केलं, की त्यावरचं सगळं पुसलं जायचं. नक्कल वेगळ्या जागी ठेवायची सोय लायब्ररीच्या पुढच्या धड्यात होती. "ते दसऱ्यानंतर," सर म्हणाले. "आधी पाहुण्यांना दाखवायला छान रंगीत पान कर." पाहुणे म्हणजे मुंबईचे दोघे जण, धंद्यात भागीदारी करतील अशी सरांना आशा होती.

खंडेनवमीला सकाळीच ऑफिसात पूजा मांडली. संगणक बंद, कीबोर्डांवर हळदकुंकू, माऊसच्या गळ्यात झेंडू. हत्यारांना आज विश्रांती. त्याचं मोहिनीला काही वाटलं नाही, तिच्या घरीही विळे-खुरपी धुऊन पाटावर ठेवतात. वाटलं ते याचं, की सरांनी ऑफिसातल्या बायकांना प्रसादाच्या बशा भरायला आत पिटाळलं आणि स्वतः पाहुण्यांपुढे मिरवत बसले.

ती बशा घेऊन बाहेर आली तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. सर तिच्या खुर्चीवर होते. तेवढ्यासाठी तिचाच संगणक पुन्हा चालू केला होता. दुसऱ्या कुठल्यावरून जमलंच नसतं. "आमची सगळी हत्यारं विसावली," ते पाहुण्यांना सांगत होते, "अमेरिकेतलंसुद्धा! एका ओळीत." लायब्ररीच्या पहिल्या धड्यातली शेवटची ओळ पडद्यावर होती. तेवढाच एक धडा त्यांनी वाचला होता.

"सर, ते विसावलं नाही. तुम्ही परत करून टाकलंत," मोहिनी म्हणाली.

"उद्या चालू करू की."

"उद्या कोरं मशीन मिळेल. नावं गेली, शेतं गेली, गाडीवाल्यांचे फोन नंबरसुद्धा त्यातच होते."

सरांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "अमेरिकेत बिघाड झाला म्हणून सांग सगळ्यांना."

माणूस चुकतो, त्यात काही नाही. पण हा माणूस चुकल्या चुकल्या खोटं शोधायला लागला होता, आणि ते खोटं मोहिनीच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ती नीट तेच सांगते की नाही हे ऐकायला सरांनी स्पीकर चालू केला. मावशीच होती.

"मोहिने, तोडणी झाली बघ. क्रेट बांधावर हायेत, ऊन लागतंय फुलांना. गाडी कव्हा येती?"

"गाडी नाही येणार, मावशी. सरांनी पूजेसाठी मशीन बंद केलं. तुमची सगळ्यांची नावं पुसली गेली."



"पूजेसाठी केलं व्हय?" मावशीचा आवाज खाली आला होता. "मंग ऱ्हाऊ दे. देवाचं काम हाय. त्यांना नको बोलू काही."

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बशीतला पेढा उचलला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, किती साधी माणसं!"

इतकी किळस मोहिनीला आजवर कशाचीच आली नव्हती. खरकट्यात हात पडावा तसं झालं.

"मावशी," ती मोठ्याने म्हणाली, "देवाचं नव्हतं ते. पाहुण्यांना मोठेपणा दाखवायचा होता."

मग मावशी म्हणाली, "आसं? त्या मानसाला दे बरं फोन."

मोहिनीने अख्खा फोन उचलून सरांपुढे धरला. सरांनी हात मागे घेतला. पेढा तसाच बोटांत.

"घेतला का गं त्यानं?"

"नाही घेत, मावशी," मोहिनी म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवून दिला. "पण स्पीकर चालू आहे. पाहुणेसुद्धा ऐकतायत. बोल तू."