हिरवी खूण

आमच्या डेअरीच्या प्रत्येक बाटलीवर एक चौकोनी कोड असतो. तो मोबाइलने स्कॅन केला की दुधाची सगळी कुंडली समोर येते: कुठल्या गोठ्यातलं, किती वाजता काढलं, टाकीत किती थंड होतं. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण. ही करामत माझी, नववीच्या सुट्टीत केलेली, त्यामुळे सध्या मी घरात जरा हवेतच चालते.

आत्याला ते पटत नाही. बाटल्या भरण्याआधी टाकीतलं चमचाभर दूध हुंगायचं आणि चाखायचं, हे ती वीस वर्षं करत आलीय. गेल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, आता तुझ्या नाकाला पेन्शन देऊन टाक. बाबा हसले. आत्या हसली नाही, पण तिने चमचा खुंटीला अडकवला.

आज तीनला शाळेतून आले आणि दप्तरासकट कॉम्प्युटरसमोर बसले. टाकीचं तापमान चार. सकाळी सहालाही चार, दहालाही चार. रेघ अशी की पट्टीने मारलेली. आधी छान वाटलं, मग खटकलं. पाश्चराइझ झालेलं दूध टाकीत पडलं की आकडा थोडा तरी चढतोच. रोज चढतो.

मी धावत जाऊन टाकीला हात लावला. पत्रा कोमट होता. तापमापकाची वायर टाकीत नव्हतीच. शेजारच्या फ्रिजमध्ये पडली होती. बाबांनी पहाटे टाकी धुताना ती काढून तिथे ठेवली, कूलिंग बंद केलं आणि नंतर दोन्ही विसरले. दिवसभर यंत्र इमानेइतबारे फ्रिजचं तापमान सांगत होतं आणि माझा प्रोग्राम हिरव्या खुणा वाटत सुटला होता.

दोनशे बारा बाटल्या बाहेर गेल्या होत्या. आत्याने गिऱ्हाइकांची यादी मधोमध फाडली, अर्धी बाबांच्या हातात कोंबली आणि फोन लावायला लागली.

सातव्या ओळीवर माझी ताई होती. तिचा टिल्लू दीड वर्षाचा आहे. तो फोन मी लावला.

"ताई, आजची बाटली उघडू नकोस."

"उघडली की दुपारीच. जरा वास येत होता गं."

"मग ओतून दिलंस ना?"

"छे. स्कॅन केलं, हिरवं आलं. शंका आली तर स्कॅन कर, असं तूच बजावलंयस ना? पठ्ठ्याने अख्खी बाटली संपवली."

टिल्लू काय करतोय, विचारलं. झोपलाय म्हणाली. मग म्हणाली की आज फारच वेळ झोपलाय खरं तर.

"उठव त्याला. आत्ता."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग तिच्या चपलांचा. मग तिने त्याला हाक मारली. जरा थांबून परत मारली.

तिसरी हाक आली तेव्हा तो ताईचा आवाज वाटतच नव्हता.