चारशे बारा मुंगसं

आमच्या परसदारी चारशे बारा मुंगसं राहतात, असं नगररचना कार्यालयाचं म्हणणं. परसदार केवढं? दोन चादरी वाळत घातल्या की संपलं! पण तेवढ्यासाठी मागे एक खोली बांधायची परवानगी नाकारली, आणि माझं डोकंच फिरलं. सात वर्षं माझं शिलाई मशीन स्वयंपाकघरात आहे. कपड्यांना तळणाचा वास येतो म्हणून चांगली गिऱ्हाइकं तुटली.

हे सगळे उपद्व्याप माझ्या सासऱ्यांचे. गावात कुठे कोणता प्राणी दिसला, ते लोकांनी फॉर्मवर लिहून द्यायचं. कार्यालय नकाशावर ठिपका देतं, आणि ठिपके दाट तिथे बांधकाम बंद. अख्ख्या गावात फॉर्म भरणारा माणूस एकच, आमचे मामंजी. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते मागच्या दारात खुर्ची टाकून बसतात.

"मामंजी, मुंगूस एकच आहे ना हो?"

"एकच. डावा कान फाटका आहे."

"मग चारशे बारा फॉर्म कशाला?"

"चारशे बारा वेळा दिसलं. खोटं लिहू?"

घ्या! आता कुठे डोकं आपटायचं?

सोमवारी सुनावणी होती. नोंद करणाऱ्याने स्वतः येऊन चूक कबूल केली, तर खोली मंजूर होणार होती. पण त्याच नोंदींबद्दल कार्यालयाने मामंजींना प्रशस्तिपत्र दिलेलं. चारचौघांत स्वतःचं हसं कोण करून घेईल? मी तीन दिवस गोड बोलले, चौथ्या दिवशी बोलणंच टाकलं.

तरी मामंजी आले. सभागृहात मोठा नकाशा लावला होता. आमचं परसदार लालभडक, आणि गावाबाहेरची पाणथळ जागा कोरी करकरीत. तिथे एकही ठिपका नाही, म्हणून ट्रक टर्मिनल होणार होतं.

मामंजी काठी टेकत उठले. "साहेब, मुंगूस एकच आहे."

जो काय हशा पिकला! मला हेच हवं होतं, तरी अंगाचा तिळपापड झाला. "दात काय काढताय?" मी ओरडले. "तुमच्यापैकी एक तरी कधी मोजायला आला का?"

मामंजींनी काठी नकाशाच्या कोऱ्या भागावर ठेवली. "इथे मी पाणमांजरं पाहिलीत. तेव्हा फॉर्म नव्हते. फॉर्म आले, तोवर मला चालवेना. तुम्ही ज्याला रिकामी जागा म्हणताय ना साहेब, ते माझे गुडघे आहेत."

कोणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा पुसला, खोली मंजूर केली आणि टर्मिनल महिनाभर थांबवलं. तेवढ्या दिवसांत कोणीतरी तिथे फिरून नोंदी करायच्या. कोण जाणार म्हटल्यावर जो तो आपली चप्पल न्याहाळू लागला. मामंजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच मला लागलं.

"द्या तो फॉर्मांचा गठ्ठा इकडे," मी म्हणाले.

गवंडी पाया खणायला आले त्या सकाळी मी गुडघाभर चिखलात होते. सहावा दिवस, एक चप्पल गाळात गेलेली, तोंडात शिव्या. समोर पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. मग तिसरं, एवढंसं पिल्लू.

मी फोन लावला. "मामंजी, आहेत! तीन आहेत!"

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "आधी वेळ लिही, सूनबाई."