काट्यावरचा गणपती

निवृत्तीचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. सातपूरच्या शेडमध्ये वर्षभर खपून त्याने वजनकाट्याच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, आणि आज लासलगाव रस्त्यावरच्या एका खासगी काट्यावर कांद्याचे ट्रॅक्टरवाले तिच्याच नावाने शिमगा करत होते. पावती निघता निघत नव्हती.

काटे दोन, कॉम्प्युटर एक. क्वचित एका काट्याचं वजन मेमरीत दुसऱ्याच्या जागी जाऊन बसायचं. का, ते अजून सापडलं नव्हतं. म्हणून निवृत्तीने पावलोपावली तपासणी घातली होती: जागा ज्याची त्याचीच आहे ना? नसली की मशीन तिथल्या तिथे थांबायचं. पण या तपासण्यांपायी प्रत्येक पावतीला वेळ लागायचा.

"तपासण्या काढ," काट्याचे मालक चिमाजीशेठ म्हणाले. "चोराला अडव ना! तू तर घरच्यांनाही दर उंबऱ्याला अडवतोस."

"शेठ, सगळा वेळ तुमचा गणपती खातोय!"

खोटं नव्हतं. प्रत्येक पावतीच्या माथ्यावर ठिपक्याठिपक्यांचा गणपती काढायची हौस शेठची, आणि त्यातला एकेक ठिपका तपासणीतून जायचा. "चित्र छापखान्यातून छापून आणू," निवृत्ती काकुळतीला आला, "मग तपासण्या राहू द्या."

"छापखान्यातला कोण बघतो? कॉम्प्युटरचा गणपती बघायला गावं लोटतात. देवाला हात लावायचा नाही!"

दगडावर डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. दातओठ खात निवृत्तीने तपासण्या नसलेली फ्लॉपी घातली. पावत्या पटापट निघू लागल्या आणि शेठनी पेढे मागवले.

पेढे आले तोवर पुंजा नावाच्या शेतकऱ्याच्या हातात पावती पडलीही होती. ट्रॉली त्याची काठोकाठ, पावतीवर वजन मात्र शेजारच्या काट्यावरच्या अर्ध्या ट्रॉलीचं. पडद्यावरचा आकडा आणि खिडकीबाहेरची ट्रॉली पाहताच निवृत्ती धावत बाहेर गेला.

"भाऊ, वजन चुकलंय! गाडी परत काट्यावर घ्या."

"मलाबी कमीच वाटलं," पुंजाने पावती कपाळाला लावली. "पन वर गणपती हाय ना. देव खोटं बोलतो व्हय? माझाच अंदाज चुकला आसंल."

संतापाने निवृत्तीला रडूच यायचं बाकी राहिलं. त्याने पावती हिसकावली आणि गणपतीसकट टराटरा फाडली.

पुढच्याच क्षणी पुंजाने त्याची कॉलर धरली.